रमाबाईंची श्रद्धा आणि तिचे भाष्यकार

पंडिता रमाबाईंच्या निधनास शंभरांहून अधिक वर्षे लोटली. परंतु त्यांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला या प्रश्नाचा एकदाचा निकाल लावून टाकण्याची आमच्या विद्वानांची हौस अद्याप फिटलेली दिसत नाही. मागल्या पावसाळ्यात या विषयावरील एक व्याख्यान श्रोत्याच्या खुर्चीवर बसून ऐकण्याचा योग आम्हांस आला. व्याख्याते व्यासंगी, वाणी रसाळ, आणि सहानुभूती तर इतकी की ती ओसंडून वाहत होती. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा : आई, बाप, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे आठ वर्षांत गमावलेली ती तेवीस वर्षांची विधवा दुःखाने पार खचली होती, बुडत्यास काडीचा आधार हवा असतो, तसा तिला एका परक्या देवाचा आधार सापडला, तेव्हा तिच्या धर्मांतराबद्दल आता राग न धरता तिची कीव करावी, हेच सुसंस्कृत मनास शोभते. सभागृहात टाळ्या झाल्या. आम्ही टाळी वाजविली नाही हे शेजारच्या गृहस्थांच्या ध्यानात आले असावे. कारण चहाच्या वेळी त्यांनी ‘आपणांस पटलेले दिसत नाही,’ असे आम्हांस हटकलेच. त्यांस उभ्याउभ्या दिलेले उत्तर फारच त्रोटक झाले. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही, आणि होऊ असा संभवही दिसत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. नाही तर पुढील मजकूर वाचताना वाचकांचे निम्मे लक्ष लेखकाचा धर्म हुडकण्यात जावयाचे. या लेखनात आमचा एक खाजगी हेतूही मिसळलेला आहे. तो लपविण्याचे कारण नाही, यथावकाश येईल.

आमची पहिली तक्रार कीव या शब्दाविषयी आहे. १८९३ च्या सुमारास ‘केसरी’ने शारदासदनावर जी झोड उठविली ती कडवट होती, कित्येक ठिकाणी अनुदारही होती, पण तिच्यात प्रतिपक्षाला प्रतिपक्ष मानण्याचा प्रामाणिकपणा होता. या बाईने विचार करून एक गोष्ट केली आहे, ती आम्हांस घातक वाटते, म्हणून आम्ही तिच्याशी लढतो, अशी ती भूमिका. आजच्या मवाळ भाष्यकाराची भूमिका याहून कितीतरी अपमानकारक आहे. तो म्हणतो, बाईने विचार केलाच नाही; तिच्या दुःखाने तो केला. ज्या स्त्रीस कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले, तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय तेवढा तिच्या बुद्धीच्या खात्यावर मांडावयाचा नाही, हा कोठला न्याय?

आता थोडी सनावळी पाहू. व्याख्यात्यांनी दुःखाचे वर्णन विस्ताराने केले. सनावळी मात्र ओझरती सांगितली, आणि नेमका तेथेच सारा घोटाळा आहे.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले, गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड थाटले, आणि पुढे हातचे सारे गेल्यावर बायकामुलांसह तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा जवळ होते नव्हते ते दानधर्मात व अनुष्ठानात संपले, भांडीकुंडी विकली गेली, आणि हे कुटुंब झाडपाल्यावर दिवस काढीत शेवटी मरण्याच्याच इराद्याने अरण्यात शिरले. म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा विचार बोलून दाखविला. तेव्हा मुलगा म्हणाला की मी मजुरी करीन. दशग्रंथी घराण्यातल्या मुलाने मजुरीचे नाव काढावे यात त्या घराची केवढी उलथापालथ आली आहे! ती वेळ यावयाची ती आलीच. पण शास्त्रीबुवा त्याआधीच १८७४ मध्ये वारले. पाठोपाठ आई गेली. तिच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. दोघां ब्राह्मणांस दया आली. तिसरा मुलगा आणि चौथी रमा. रमा उंचीने सर्वांत कमी, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला. पुढे थोडक्याच काळात बहीणही गेली.

खचलेले माणूस यानंतर काय करते, हे आम्ही ठाऊक असल्यासारखे सांगत नाही. ही दोन भावंडे मात्र चालू लागली. उत्तरेकडील तीर्थे पायी तुडवीत ती १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासशास्त्री वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी सरकारी नोंदणीने विवाह केला. धर्मशास्त्राचा आधार हवा असणारी, भेदरलेली अनाथ मुलगी असा विवाह करीत नसते. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केली, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्रीडॉक्टर व स्त्रीशिक्षक हवेत असे सांगितले. बाप्तिस्मा झाला तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडात वाँटेज येथे. मध्ये दीड वर्षाहून अधिक काळ गेला, आणि तो साऱ्या हयातीतील अत्यंत कर्तबगारीच्या काळांपैकी एक.

येथे आमच्या बाजूस गैरसोयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाप्तिस्म्याच्या थोडेच आधी वाँटेज येथे त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने आत्महत्या केली. व्याख्यात्यांनी हिचा उल्लेख केला नाही. केला असता तर त्यांच्या पक्षास बळकटी आली असती. त्या धक्क्याचा परिणाम रमाबाईंच्या मनावर झालाच नाही असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. परंतु बाईंनी स्वतः काय सांगितले आहे? १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या दोन कारणे ठळकपणे देतात. लंडनजवळ फुलम येथे वाँटेजच्या भगिनी पतित स्त्रियांसाठी चालवीत असलेले गृह त्यांनी पाहिले; आपल्याकडे ज्या बायकांकडे कोणी दृष्टी टाकीत नाही त्यांची सेवा येथे होते, हे का, असे त्यांनी विचारले; आणि उत्तरादाखल त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. त्याआधी कलकत्त्यास धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना, इतर सर्व बाबतींत एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्री व शूद्र यांच्या हीनतेबाबत तेवढे एकमत आहेत, असे त्यांस आढळले होते. यात ‘माझी मेलेली माणसे मला कोण परत देईल?’ हा प्रश्न कोठे आहे? त्यांचा प्रश्न न्यायाचा होता, आणि तो आपल्यापुरता नव्हता. त्यांनी काढलेला निष्कर्ष कोणास चुकीचा वाटो. आम्हांसही त्यातील काही भाग एकांगी वाटतो. परंतु तो निष्कर्ष आहे, हुंदका नव्हे.

आणखी एक. त्याच साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ज्यास त्या समाधान म्हणतात ते त्यांच्या हिशेबाने १८९१ च्या सुमारास आले. म्हणजे मध्ये आठ वर्षे. काडी हाती लागली १८८३ त आणि तरंगणे सुरू झाले १८९१ त, असा बुडणारा आमच्या तरी पाहण्यात नाही.

आणि या आठ वर्षांत बाई काय करीत होत्या? ज्यांनी आधार दिला त्यांच्याशीच भांडत होत्या. भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. आमच्या धर्मांतरतज्ज्ञांनी तो एकदा तरी वाचावा. अथानासियसचा म्हणून चालत आलेला मतांगीकार त्यांस मान्य होईना, त्रैक्याचा सिद्धांत गळी उतरेना, कुमारीजन्माविषयी शंका. गळ्यातल्या क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, हा प्रश्न. आणि सर्वांवर कडी म्हणजे माझ्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणा धर्मगुरूची सत्ता मी चालू देणार नाही हे स्पष्ट उत्तर. बिचाऱ्या भगिनींस या नवख्रिस्ती बाईस उद्धट म्हणावे की अहंकारी, असा पेच पडलेला दिसतो. शाकाहार तर त्यांनी सोडला नाहीच. श्रद्धा ही अफू आहे असे ज्यांचे मत आहे त्यांस आमचे एवढेच विचारणे आहे, की अफू घेतलेले माणूस अफू देणाऱ्याशी असा वाद घालीत बसते काय? फॉयरबाखने १८४१ त, फ्रॉइडने १९२७ त ईश्वर म्हणजे माणसाच्या इच्छेची सावली असे मांडले. ते खरे धरले तरी सावली माणसाच्या सोयीने पडावयास हवी. रमाबाईंची सावली त्यांस सुखासुखी कोठे बसू देत नव्हती.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, म्हणजे आमचे ख्रिस्ती मित्र उगाच संतुष्ट राहावयाचे नाहीत. कीव करणाऱ्या भाष्यकारांइतकाच घोटाळा श्रद्धेच्या छोट्या छोट्या गोड पुस्तिका लिहिणाऱ्यांनी केला आहे. त्यांचे गणित सोपे असते : देवाने एवढे नेले, मग विश्वास धरला, मग देवाने शतपट दिले. रमाबाईंचे पाच जण गेले, मुक्तिसदनात मुली आल्या सुमारे दोन हजार, जमाखर्च जुळला! ज्याने कोणी आपले जवळचे माणूस पोचविले आहे त्याने ही पुस्तिका मिटून ठेवावी, यात नवल नाही.

या मंडळींचा आवडता दाखला ईयोबाचा. पण ईयोबाचा ग्रंथ ज्याने रचला तो या पुस्तिकाकारांहून फार शहाणा होता. ग्रंथाच्या आरंभी ईयोबाजवळ सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या, पाचशे गाढवी. अखेरीस चौदा हजार, सहा हजार, एक हजार, एक हजार. हिशेब चोख दुपटीचा. आणि मुले? आरंभी सात पुत्र व तीन कन्या. अखेरीसही सात पुत्र व तीन कन्या. पशू दुप्पट होतात, मुले होत नाहीत. पहिली दहा परलोकी सुरक्षित आहेत म्हणून येथेही दुप्पटच झाली, असे एक जुने भाष्य आहे. ते सुंदर आहे, आम्हांस ते पटत नाही. आम्हांस वाटते की ग्रंथकर्त्याने तेथे पेन थांबविला, कारण माणसाच्या जागी माणूस भरून येत नाही हे त्याला ठाऊक होते.

ख्रिस्ती धर्माचा गाभा जे पुनरुत्थान, त्याच्याही कथेत हेच आहे. पुन्हा उठलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. किंबहुना थोमा त्यास ओळखतो तो त्या व्रणांवरून. व्रण पुसून टाकणे कथाकारास अवघड नव्हते. मग ज्या धर्माच्या देवाने स्वतःच्या अंगावरील जखम ठेवून घेतली, त्याच्या अनुयायांनी दुसऱ्यांच्या जखमा तीस पानांच्या पुस्तिकेत बुजविण्याची घाई का करावी?

येथे आमचा खाजगी हेतू सांगण्याची वेळ आली. गेल्या वर्षी माघ महिन्यात आमची धाकटी कन्या गेली. आजार सहा आठवड्यांचा. त्यानंतर पत्रे आली, निरोप आले. आत्मा अमर आहे असे आम्हांस चाळीसएक जणांनी कळविले. त्यांतल्या कित्येकांस तो आम्हीच पूर्वी तर्कशास्त्राच्या तासाला मर्त्य ठरवून दाखविला होता. कोणावर राग नाही. शब्द सापडत नाहीत तेव्हा माणूस तयार शब्द उचलतो. आम्हीही आजवर लोकांस तीच पत्रे लिहिली आहेत. पण एक सेवानिवृत्त सहाध्यापक, धर्माने ख्रिस्ती, रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसत. बोलत जवळजवळ नसत. त्यांचा एकुलता एक मुलगा वीस वर्षांपूर्वी अपघातात गेलेला. दहाव्या की अकराव्या दिवशी आम्ही काहीशा कठोरपणेच त्यांस म्हणालो, “सर, तुमच्या येशूने तुम्हांला त्या वेळी काय दिले, ते तरी सांगा.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुलगा नाही दिला. दोन वर्षं मी देवळात मागच्या बाकावर नुसता बसून यायचो. प्रार्थना यायची नाही. मग एक दिवस आली. का आली, ते नाही सांगता येत.” एवढे बोलून त्यांनी आमच्या नातवास जवळ बोलावले व त्याच्या गणिताच्या वहीत डोके घातले.

आम्ही ख्रिस्ती झालो नाही. परंतु त्या व्याख्यानात आमच्या हातून टाळी का वाजली नाही याचा उगम त्या ओसरीवर आहे. त्या गृहस्थांस दुबळे म्हणण्याची कोणाची छाती असेल तर त्याने आमच्या वाड्यात येऊन त्यांच्या तोंडावर म्हणावे.

मग रमाबाईंच्या बाबतीत श्रद्धेने काय दिले? आमचे उत्तर असे की मेलेले परत आले नाहीत, पण मेलेल्यांचे मरण निष्फळ राहिले नाही. आणि हे कसे ते केडगावच्या इतिहासात स्वच्छ दिसते. १८८९ च्या ११ मार्चला मुंबईस शारदासदन निघाले. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे १८९३ मध्ये पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली, म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांच्या कार्याचा एक धागा येथून निघतो. बोस्टनच्या मंडळींचे साहाय्य दहा वर्षांच्या बोलीचे. ते संपल्यावर उत्पन्न असावे म्हणून बाईंनी केडगाव येथे फळबागेसाठी जमीन घेतली. बाग वाढावयाची होती तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातील छावण्यांत कोवळ्या मुलींचे काय होते याची वार्ता आली, आणि बाई स्वतः निघाल्या.

हा क्षण आम्हांस सर्व चरित्रात मोठा वाटतो. जिने सोळाव्या वर्षी पाला खाऊन दिवस काढले, ती अडतिसाव्या वर्षी पुन्हा दुष्काळाच्या मुलखात पाऊल घालीत होती. त्या हाडांच्या सापळ्यांत आपली बहीण तिला दिसली नसेल असे कोण म्हणेल? दुःखाने खचलेले माणूस त्या दृश्याकडे पाठ फिरविते. ते स्वाभाविक आहे, त्यात दोष नाही. दुःख विसरलेले माणूस तेथे जातच नाही. रमाबाई गेल्या, आणि शेकडो मुली घेऊन आल्या. झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या. पुण्यात प्लेगाचे वर्ष, तशात ही खटपट. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. अंध मुलींस मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. १८७४ मधील एका भुकेला तेवीस वर्षांनी उत्तर मिळाले. उत्तर जिला मिळावयास हवे होते ती आई मात्र ते पाहावयास नव्हती. पुस्तिकाकार हे दुसरे वाक्य गाळतात, आणि व्याख्याते पहिले.

यावर आक्षेप येईल, व तो खोटा नाही, की भुकेल्या मुलींस अन्नाबरोबर धर्मही दिला गेला. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी शारदासदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला तो मत्सराने नव्हे. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचा शब्द होता, आणि बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे होते. बाईंचे म्हणणे, मी कोणास बोलाविले नाही, दार लावून घेणेही मला मान्य नाही. आमच्या मते येथे दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि केडगावी अनाथ मुलींच्या बाबतीत तर तटस्थतेचा प्रश्नच उरला नाही. हा दोष आम्ही झाकीत नाही. पण त्याच मुली छावणीतून दुसरे कोण नेण्यास टपले होते याचा विचार केल्यावाचून त्यावर तोंड टाकणाराशी आम्ही बोलू इच्छीत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून निराळे व तितकेच उपयोगी आहे. ज्यांस ख्रिस्ती स्त्री म्हणजे खचलेली स्त्री असे वाटते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावी. पती १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा तो आघात त्यांस मरणाहून उणा नव्हता. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने. तेवढे पुरे, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सर्वांत कठीण प्रसंग शेवटीच यावयाचा होता. १९२१ च्या २४ जुलैस मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस. एकच अपत्य, तेच हाताशी आलेले, तिच्याच हाती सारे सोपवावयाचे. आणि आई त्रेसष्ट वर्षांची, कानांनी अधू. पुस्तिकांतील गणित खरे असते तर श्रद्धा येथे मोडावयास हवी होती. आणि आमच्या व्याख्यात्यांचे म्हणणे खरे असते तर या वेळी बाईंनी नवी काडी शोधावयास हवी होती. दोन्ही झाले नाही. बाईंसमोर कित्येक वर्षे चाललेले एक काम पुरे व्हावयाचे होते. त्यासाठी त्यांनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू व ग्रीक या भाषा अभ्यासिल्या होत्या. चालू असलेले मराठी भाषांतर फार संस्कृताळलेले, ते खेड्यातल्या बाईस कळत नाही, म्हणून अवघे बायबल मुळापासून सोप्या मराठीत आणण्याचे ते काम. भागवत जिच्या जिभेवर होते, जिला संस्कृतच्या बळावर ‘सरस्वती’ पदवी मिळाली, तिने बापाकडून आलेले ते धन जाणूनबुजून बाजूस ठेवून जात्यावरच्या बाईची मराठी लिहावी! ही मराठी काही ठिकाणी ओबडधोबड वाटते, हे आम्ही भाषेचे शिक्षक म्हणून नोंदवितो.

मुलगी गेल्यावर बाईंनी ते काम पुढे चालविले. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, फर्मे छापणाऱ्या व पाने शिवणाऱ्या हातांत मुक्तिसदनातल्या बायकांचेही हात होते. आमच्या व्याख्यात्यांच्या दीड तासाच्या भाषणात या ग्रंथाचे नाव आले नाही.